22 लाख स्फटिकांचे पुढे काय झाले? संगणकीय पदार्थविज्ञानातील पडताळणीचा प्रश्न

स्फटिकवेध (धागालेखक)

29 नोव्हेंबर 2023 रोजी ‘नेचर’मध्ये एकाच दिवशी दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि एरवी आपापल्या विभागांपुरता राहणारा संगणकीय पदार्थविज्ञानाचा विषय दैनिकांच्या बातम्यांपर्यंत पोहोचला. पहिला निबंध गूगल डीपमाइंडच्या गटाचा होता. ‘नोम’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाच्या साहाय्याने त्यांनी 22 लाख नव्या स्फटिकरचनांचे भाकीत केले आणि त्यांपैकी सुमारे 3 लाख 81 हजार रचना स्थिर असाव्यात, असे सांगितले. दुसरा निबंध अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतून आला होता. तेथील ‘ए-लॅब’ या यंत्रमानवांनी चालवलेल्या प्रयोगशाळेने 17 दिवस अखंड काम करून 58 उद्दिष्टांपैकी 41 संयुगे तयार केल्याचा दावा त्यात होता. भाकीत करणारे यंत्र आणि ते प्रत्यक्षात उतरवणारे यंत्र अशी जोडी जमली, हा त्या दिवसाचा सूर होता.

त्यानंतरच्या काळात या दाव्यांची जी छाननी झाली, तिच्याबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की आपल्या क्षेत्रात भाकीत करणे आता स्वस्त झाले आहे, पण ते खरे आहे की नाही हे ठरवण्याची पद्धत अजून जुन्याच वेगाने चालते. यापुढची काही वर्षे सर्वांत मोलाचे काम पडताळणीचेच असणार आहे.

‘स्थिर’ म्हणजे काय, हे आधी पाहू. एखाद्या काल्पनिक संयुगाची ऊर्जा डीएफटीने, म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरी या इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या पद्धतीने, काढली जाते. होहेनबर्ग आणि कोन यांनी 1964 साली आणि कोन व शॅम यांनी 1965 साली या सिद्धांताचा पाया घातला, आणि वॉल्टर कोन यांना 1998 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठीच मिळाले. काढलेल्या ऊर्जेची तुलना मग त्याच मूलद्रव्यांपासून बनू शकणाऱ्या इतर ज्ञात संयुगांच्या मिश्रणाशी केली जाते. कोणत्याही मिश्रणापेक्षा आपल्या संयुगाची ऊर्जा कमी भरली, तर ते ‘कॉन्व्हेक्स हल’वर, म्हणजे स्थिरतेच्या सीमारेषेवर, आहे, असे म्हणतात. तुलनेसाठी लागणारे आकडे मटेरियल्स प्रोजेक्टसारख्या खुल्या संग्रहांतून मिळतात. हा प्रकल्प 2011 साली सुरू झाला नसता, तर ‘नोम’ला शिकण्यासाठी पुरेशी सामग्रीच मिळाली नसती, हे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे.

अडचण अशी आहे की ही संपूर्ण तुलना शून्य केल्विनवर होते आणि प्रत्येक अणूला ठरलेली जागा आहे असे गृहीत धरून होते. भट्टीत 1000 अंश सेल्सिअसवर बनणारा पदार्थ हे गृहीतक पाळेलच असे नाही. दोन धातूंचे आकार आणि प्रभार जवळपास सारखे असतील, तर ते एकमेकांच्या जागा सर्रास घेतात आणि अव्यवस्थित स्फटिक तयार होतो. संगणक मात्र त्यांना शिस्तीत बसवून ‘नवे’ संयुग जाहीर करतो.

ए-लॅबवरची टीका नेमकी येथेच झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील रॉबर्ट पालग्रेव्ह, प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 साली ‘पीआरएक्स एनर्जी’मध्ये सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले. यशस्वी म्हणून मोजलेल्या पदार्थांपैकी सुमारे दोन तृतीयांश हे बहुधा आधीपासून ज्ञात असलेल्या अव्यवस्थित संयुगांचीच उदाहरणे आहेत आणि एकही पदार्थ खऱ्या अर्थाने नवा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वयंचलित प्रयोगशाळेची क्षमता दाखवणे हाच मूळ उद्देश होता आणि अनुभवी माणूस विश्लेषण अधिक बारकाईने करू शकतो हे मान्य आहे, अशी बर्कलीच्या गटाची बाजू होती. मला ती बाजू अर्धीच पटते. मिश्रणे तोलणे, भाजणे, क्ष-किरण विवर्तन (स्फटिकावरून किरण कोणत्या कोनांत विखुरतात ते) मोजणे ही कामे यंत्राने निर्वेध केली, हे खरे यश आहे. पण ‘नवे संयुग’ हा दावा यंत्राच्या हातांवर अवलंबून नाही. तो विश्लेषणावर अवलंबून आहे, आणि विश्लेषण हाच या साखळीतील कच्चा दुवा होता.

‘नोम’बद्दल अँथनी चीथम आणि राम शेषाद्री यांनी ‘केमिस्ट्री ऑफ मटेरियल्स’मध्ये लिहिलेले परीक्षण प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने वाचावे. यादीतील हजारो संयुगांत प्रोमेथियम, अ‍ॅक्टिनियम, प्रोटॅक्टिनियम यांसारखी दुर्मिळ किरणोत्सारी मूलद्रव्ये आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. अशी संयुगे कागदावर स्थिर असली तरी त्यांचा उपयोग कोण आणि कशासाठी करणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

जानेवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘मॅटरजेन’चा निबंध आला. हे प्रारूप आधी यादी करून चाळत बसत नाही. हव्या त्या गुणधर्माची रचना थेट सुचवते. 200 गिगापास्कल घनीय स्थितिस्थापकता अंकाचे (दाबाला होणाऱ्या विरोधाच्या मापाचे) लक्ष्य ठेवून सुचवलेले टँटलम, क्रोमियम आणि ऑक्सिजन यांचे संयुग शेन्झेनमधील सहकाऱ्यांनी बनवले, आणि मोजमाप 169 गिगापास्कल आले. पहिल्या फेरीसाठी हे समाधानकारक आहे. पण याही पदार्थात टँटलम आणि क्रोमियम यांच्या जागांची सरमिसळ आढळली, आणि तो पूर्वीपासून ज्ञात असलेल्या अव्यवस्थित ऑक्साइडहून वेगळा नाही, असा आक्षेप लगेच घेतला गेला. एकच प्रश्न वेगवेगळ्या गटांसमोर पुन्हा येतो, तेव्हा तो त्या गटांचा राहत नाही, पद्धतीचा ठरतो.

प्रायोगिक बाजूच्या सदस्यांनी यावर लिहावे, अशी विनंती आहे.

चूर्णविवर्तन

मी क्ष-किरण विवर्तनाचे काम करतो. हा घोटाळा का होतो, हे एका जुन्या आणि निर्विवाद उदाहरणावरून दाखवतो.

तीन भाग तांबे आणि एक भाग सोने यांचा मिश्रधातू घ्या. सुमारे 390 अंश सेल्सिअसच्या वर तांबे आणि सोने कोणत्याही जागी बसतात. त्याखाली पुरेसा वेळ दिला, तर सोने घनाच्या कोपऱ्यांवर आणि तांबे पृष्ठांच्या मध्यांवर जाऊन बसते. दोन्ही अवस्थांचे विवर्तनचित्र (कोनानुसार विखुरलेल्या किरणांच्या तीव्रतेचा आलेख) शेजारी ठेवले, तर मोठी शिखरे जवळपास त्याच जागी दिसतात. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी (विवर्तनासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांनी) मोजल्यास पहिले मोठे शिखर सुमारे 42 अंशांवर येते. फरक दिसतो तो 24 आणि 34 अंशांच्या आसपास. व्यवस्थित अवस्थेत तेथे दोन लहान शिखरे उगवतात आणि अव्यवस्थित अवस्थेत ती जागा सपाट असते. अणू शिस्तीत बसले आहेत की नाही, याचा सर्व पुरावा त्या दोन लहान शिखरांत असतो.

आता स्वयंचलित विश्लेषण काय करते ते पाहा. संगणकाने सुचवलेली व्यवस्थित रचना घेऊन ते मोजलेल्या चित्राशी जुळवते. मोठी शिखरे जुळली की एकूण जुळणीचा आकडा बरा येतो. लहान शिखरे अपेक्षित होती पण दिसली नाहीत, ही बाब त्या आकड्यात बुडून जाते. रिएटव्हेल्ड पद्धतीने, म्हणजे संपूर्ण विवर्तनचित्र रचनेशी जुळवत, काम करणारा अनुभवी माणूस आधी त्या सपाट जागेकडे पाहतो आणि मग जुळणीच्या आकड्याकडे.

सोने आणि तांबे यांच्या अणुक्रमांकांत मोठे अंतर असल्याने क्ष-किरणांना ते वेगळे ओळखता येतात. लोह 26 आणि कोबाल्ट 27 यांच्या बाबतीत ती सोय नाही, कारण दोघांकडून क्ष-किरण जवळपास सारखेच विखुरतात. येथे न्यूट्रॉन विवर्तन लागते. लोहाची न्यूट्रॉन-विखुरण लांबी (न्यूट्रॉन किती जोराने विखुरतात याचे माप) सुमारे 9.45 फेम्टोमीटर आणि कोबाल्टची सुमारे 2.49 असल्याने जे क्ष-किरणांना दिसत नाही ते न्यूट्रॉनला स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे की तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन विवर्तनाची सोय आहे आणि यूजीसी-डीएई संघटनेच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठातील संशोधकांना तेथे प्रयोग करता येतात.

माझी विनंती एवढीच आहे की ‘संश्लेषण झाले’ असे लिहिणाऱ्या प्रत्येक निबंधाने विवर्तनाचा कच्चा विदा, म्हणजे मोजमापाचे मूळ आकडे, प्रसिद्ध करावा. ए-लॅबच्या बाबतीत तो उपलब्ध होता म्हणूनच दुसऱ्यांना तपासणी करता आली, आणि त्याबद्दल त्या गटाचे मनापासून आभार मानले पाहिजेत.

स्फटिकवेध

उत्तम प्रतिसाद. हीच गोष्ट सिद्धांताच्या बाजूने आकड्यांत मांडतो, कारण तिचा आवाका सहज काढता येतो.

एका जागेवर दोन धातू निम्मेनिम्मे मिसळले, तर प्रत्येक जागेमागे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले 2 चा नैसर्गिक लॉगरिथम इतकी एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) मिळते. तिला 1000 अंश सेल्सिअसच्या निरपेक्ष तापमानाने, म्हणजे 1273 केल्विनने, गुणले की सुमारे 76 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. दोन धातू-अणूंमागे चार ऑक्सिजन असलेल्या संयुगात हा लाभ सर्व अणूंवर वाटला, तर प्रति अणू सुमारे 25 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट होतो. कोणती रचना ठेवायची आणि कोणती टाकायची, हे ठरवताना आपण हलपासून प्रति अणू काही डझन मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्याच फरकांवर बोलत असतो. याचा अर्थ असा की गणितातून वगळलेली गोष्ट आणि निर्णयाचा निकष यांचे आकारमान एकच आहे. ती दुरुस्ती म्हणून नंतर जोडून चालणार नाही. पहिल्या चाळणीतच आली पाहिजे.

तृतीयवर्ष

मी तृतीय वर्ष बीएस्सीला आहे आणि आमच्या महाविद्यालयात संगणक-समूह नाही. ‘मेस’, ‘सीएचजीनेट’, ‘मॅटरसिम’ यांसारखी तयार पोटेन्शियल (अणूंच्या रचनेवरून ऊर्जा झटपट सांगणारी प्रारूपे) आता साध्या संगणकावरही चालतात, असे वाचले. मग डीएफटी शिकण्याची गरज उरली आहे का, आणि असल्या साधनांवर केलेले काम कोणी ग्राह्य धरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मिश्रधातू

प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

डीएफटीत इलेक्ट्रॉनांची संख्या दुप्पट झाली की गणनेचा खर्च साधारण आठपट होतो. त्यामुळे काहीशे अणूंच्या पुढे जाणे महाग पडते. 2007 साली यॉर्ग बेलर आणि मिकेले पारिनेल्लो यांनी न्यूरल नेटवर्कने ऊर्जा शिकवण्याची जी वाट दाखवली, तिच्यावरच आजची सर्वसमावेशक पोटेन्शियल उभी आहेत. ती जवळपास संपूर्ण आवर्तसारणीसाठी आधीच शिकवलेली असतात, आणि तुम्ही फक्त रचना द्यायची असते. मेटाच्या गटाने ऑक्टोबर 2024 मध्ये 11 कोटींहून अधिक डीएफटी गणनांचा ‘ओमॅट24’ हा संच खुला केल्यापासून त्यांची अचूकता झपाट्याने वाढली आहे.

पण ही पोटेन्शियल डीएफटीची नक्कल करतात, निसर्गाची नव्हे. डीएफटीतील चूक त्यांच्यात जशीच्या तशी उतरते. सिलिकॉनचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) प्रत्यक्षात सुमारे 1.1 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि नेहमीच्या पीबीई फंक्शनलने (डीएफटीतील एका प्रचलित सूत्राने) तो जेमतेम 0.6 येतो. मूळ पद्धत कोठे आणि का चुकते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला नकलेतील चूक कधीच ओळखता येणार नाही. म्हणून डीएफटी शिकाच. क्वांटम एस्प्रेसो ही डीएफटीची प्रणाली मोफत आणि खुली आहे, आणि दोन अणूंच्या सिलिकॉनची गणना साध्या लॅपटॉपवर होते.

दुसरी बाब नकलेच्या स्वतःच्या दोषाची आहे. सुरुवातीच्या सर्वसमावेशक पोटेन्शियलमध्ये एक ठरावीक कल आढळला: ती ऊर्जेचा पृष्ठभाग प्रत्यक्षाहून मऊ दाखवतात. शिकवण्याच्या संचात समतोल स्थितीच्या जवळच्याच रचना अधिक असतात आणि ताणलेल्या, विस्कटलेल्या रचना कमी, हे त्याचे कारण. परिणामी कंपनांच्या वारंवारता कमी येतात आणि अणूला एका जागेवरून दुसरीकडे उडी मारण्यासाठी लागणारा ऊर्जेचा उंबरठा खाली येतो. घन विद्युत-अपघटनीत (बॅटरीत आयन वाहून नेणाऱ्या घन पदार्थात) लिथियमचा उंबरठा फक्त 0.1 इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी आला, तर 300 केल्विनवर आयनांचा वेग सुमारे 48 पट जास्त भासेल. बॅटरीसाठी अपूर्व पदार्थ सापडला म्हणून निबंध लिहिला जाईल, आणि तो पदार्थ प्रयोगशाळेत अगदीच सामान्य निघेल. समाधानाची गोष्ट अशी की चूक एकाच दिशेची असल्याने आपल्या पदार्थाच्या मोजक्या डीएफटी गणना करून पोटेन्शियल पुन्हा थोडे शिकवले, तरी ती बरीचशी सुधारते.

आणखी एक सावधगिरी बाळगा. काही प्रारूपे वेग वाढवण्यासाठी बल हे ऊर्जेच्या अवकलनातून न काढता थेट शिकतात. अशा प्रारूपावर दीर्घकाळ रेणुगतिकी (अणूंच्या हालचालींचे अनुकरण) चालवली की एकूण ऊर्जा टिकत नाही. म्हणून कोणतेही नवे पोटेन्शियल हाती आले की स्थिर ऊर्जेच्या अटीवर ते चालवून ऊर्जेचा आलेख पाहायचा. ही चाचणी लॅपटॉपवर होते आणि प्रारूपांच्या कोणत्याही क्रमवारीतील स्थानापेक्षा अधिक सांगून जाते.

ग्राह्यतेचे म्हणाल, तर आपल्या क्षेत्राचा इतिहास आश्वासक आहे. 2016 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका सामूहिक निबंधात 15 वेगवेगळ्या डीएफटी प्रणाली 71 मूलद्रव्यांच्या स्फटिकांवर पडताळल्या गेल्या, आणि आधुनिक प्रणालींची उत्तरे एकमेकींशी उत्तम जुळतात हे दिसून आले. पुढे 2024 मध्ये 11 प्रणालींची तशीच तपासणी 960 स्फटिकांवर झाली. या कामांत एकही नवा पदार्थ सापडला नाही, आणि तरीही रोजच्या गणनेवर आपण आज जो विश्वास ठेवतो तो बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे आहे.

चूर्णविवर्तन

संगणकीय गणनेचा अर्थ घाईने लावला की काय होते, याचे उदाहरण म्हणून एलके-99 चे प्रकरण येथे नोंदवून ठेवतो. जुलै 2023 मध्ये दक्षिण कोरियातील गटाने तांबे मिसळलेले लेड अ‍ॅपॅटाइट हे सामान्य तापमानाला व दाबाला अतिवाहक (रोधाशिवाय वीज वाहून नेणारे) असल्याचा दावा केला. काही दिवसांतच बर्कलीतील सिनेड ग्रिफिन यांची डीएफटी गणना आली, आणि तीत फर्मी पातळीजवळ (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जेजवळ) सपाट ऊर्जा-पट्टे दिसले. निबंधात अतिवाहकतेचा दावा केलेला नव्हता. सपाट पट्टे हे केवळ एक अनुकूल लक्षण असते. समाजमाध्यमांवर मात्र ‘सिद्धांतानेही दुजोरा दिला’ अशी वार्ता पसरली.

निकाल प्रयोगांनी दिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने अगदी सुरुवातीला नमुने बनवून अतिवाहकता दिसत नसल्याचे जाहीर केले. बीजिंगच्या गटाने दाखवले की नमुन्यातील कॉपर सल्फाइड सुमारे 100 अंश सेल्सिअसच्या वर अवस्था बदलते आणि रोधातील ती एकाएकी होणारी घट त्यामुळे असावी. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत बनवलेले शुद्ध स्फटिक पारदर्शक आणि विद्युतरोधक निघाले. तांबे शिसाच्या कोणत्या जागी बसते, हे गणनेत गृहीत धरावे लागले होते, आणि भट्टीत ते तसेच घडते असे मानायला आधार नव्हता. म्हणजे येथेही मूळ प्रश्न अणूंच्या जागांचाच होता.

स्फटिकवेध

सर्व प्रतिसादांसाठी आभार. @तृतीयवर्ष, आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग माझ्याकडे घेतो.

मोठी यंत्रे असलेल्यांचे काम वेगळ्या पातळीवर चालू राहील आणि त्यातही आपली माणसे आहेत. 2023 चे महासंगणनातील गॉर्डन बेल पारितोषिक मिशिगन विद्यापीठाचे विक्रम गाविनी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे फणी मोतमर्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाले. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूतील दोषांची 6 लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन असलेली गणना त्यांनी फ्रंटियर या महासंगणकावर 659.7 पेटाफ्लॉप्सच्या वेगाने केली. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही परम ब्रह्म हा महासंगणक आहे. पण प्रश्न नेमका निवडला, तर छोट्या साधनांतूनही टिकाऊ काम होते, आणि त्याचे उदाहरण पुण्यातच आहे.

गॅलियम 30 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे तळहातावरही त्याचे पाणी होते. कणाचा आकार लहान केला की वितळणबिंदू खाली यायला हवा, अशी सर्वसाधारण समजूत होती. अमेरिकेतील मार्टिन जॅरोल्ड यांच्या प्रयोगांत मात्र काही डझन अणूंचे गॅलियमचे पुंजके त्याहून कितीतरी वरच्या तापमानालाही घन राहिल्याचे दिसले. पुणे विद्यापीठातील दिलीप कान्हेरे यांच्या गटाने ग्रनोब्लच्या ब्लंडेल यांच्यासह 2004 साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. मोजक्या अणूंच्या पुंजक्यांची डीएफटीवर आधारित रेणुगतिकी चालवून त्यांनी दाखवले की इतक्या लहान आकारात अणूंमधले बंध धातूसारखे न राहता सहसंयुजी होतात आणि म्हणून तोडायला अवघड जातात. आज इतक्या अणूंची गणना कोणत्याही विभागातील एका बऱ्या संगणकावर बसते.

आपल्याला लगेच हाती घेता येईल असे कामही सुचवतो. 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल धातू-सेंद्रिय चौकटींसाठी (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनलेल्या सच्छिद्र स्फटिकांसाठी) कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना मिळाल्यापासून या पदार्थांवरील संगणकीय कामाचा ओघ आणखी वाढणार, हे उघड आहे. त्या कामासाठी वापरले जाणारे रचनासंग्रह 2025 मध्येच एका गटाने धातूंच्या ऑक्सिडीकरण अवस्था मोजून तपासले, आणि बहुतेक संग्रहांत 40 टक्क्यांहून अधिक रचना सदोष आढळल्या. कोठे हायड्रोजन गळालेला, कोठे प्रभार संतुलित करणारा आयन विद्रावक समजून काढून टाकलेला. अशा रचनेवर कितीही अचूक गणना केली, तरी उत्तर अस्तित्वात नसलेल्या पदार्थाचे येते.

प्रभार जुळतो की नाही हे पाहण्यासाठी महासंगणक लागत नाही. रचनेची फाइल उघडायची, धातूचा प्रत्येक शेजारी मोजायचा, जोडणाऱ्या रेणूवरचा प्रभार लिहायचा आणि बेरीज शून्य येते का ते पाहायचे. तांब्याला अधिक 4 प्रभार पडू लागला की तेथे काहीतरी हरवले आहे, हे बारावीच्या रसायनशास्त्रावरून कळते. आपण ज्या पदार्थवर्गात रस घेता, त्यातील 50 रचना निवडा, हातांनी तपासा आणि मूळ निबंधातील प्रायोगिक वर्णनाशी ताडून पाहा. सापडलेले दोष संग्रहाच्या चालकांना पुराव्यासह कळवा. क्वांटम एस्प्रेसो बसवताना अडचण आली, तर याच धाग्यावर विचारा. त्रुटीचा संदेश आणि इनपुट फाइल दोन्ही जोडा.

तृतीयवर्ष

मनःपूर्वक आभार. तांब्याच्या चौकटींपासून सुरुवात करतो. पहिल्या 10 रचनांचा तक्ता झाला की येथेच देईन. चूर्णविवर्तन सर, मूळ निबंधातील विवर्तनचित्रे वाचताना कोणत्या कोनांकडे आधी पाहावे, याबद्दल आपण थोडे लिहिलेत, तर मोठी मदत होईल.

चूर्णविवर्तन

जरूर. या चौकटींचे एकक कोष्ठ (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान भाग) मोठे असल्याने महत्त्वाची शिखरे 5 ते 15 अंशांच्या दरम्यान येतात, आणि विद्रावक निघून गेला की त्यांच्या उंचीचे परस्पर प्रमाण बदलते. तक्ता टाकाल तेव्हा प्रत्येक रचनेसमोर मूळ नमुना सुकवलेला होता की ओला, आणि कोणत्या तापमानाला मोजला होता, हे दोन रकाने नक्की ठेवा.